हाय हॉर्स, मुक्काम दूधविनायक

लावता पैज? साहेबांच्या किश्श्याचा शेवट तुम्हाला ओळखता येणार नाही म्हणजे नाही! शेवटी त्यांना काय किंमत मोजावी लागली, ते सांगा. बरोबर आलं तर आजचा मातीच्या पुरव्यातला चहा माझ्याकडून.

आतापर्यंत ज्याला ज्याला सांगितला, तो एकच बोलला, "बापू, तुम्ही त्यांना खरोखरच्या घोड्यावर बसवलं असणार!" अरे बाबा, काशीतल्या आमच्या दूधविनायकाच्या गलीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं. तिथे घोडा? सांड घुसतो तेवढं पुष्कळ आहे!

दुसरं काही सुचतंय? नाही ना? मग ऐका.

असे किस्से साठत जातात हो, उष्ट्या पत्रावळींसारखे. वरची एक उचलायला जावं, तर खालच्या चार चिकटून येतात. म्हणून मी तळापासूनच उचलतो.

*

आमच्या गलीत एक यात्री निवास आहे. मराठी यात्रेकरू उतरतात, अमृतराव घाटावर स्नान आणि विधी उरकतात, आणि दुपारी आमच्याकडे पंगतीला बसतात. खाली, पाटावर, पुढ्यात पत्रावळ.

स्वयंपाक कमलवहिनींचा. त्यांचे यजमान इथेच आचारी होते. ते गेले आणि चूल वहिनींनी धरली. स्वयंपाकघराच्या मागे एक खोली आहे, तेच त्यांचं घर. दुसरं नाही.

मी इथला जुना पाणक्या. घाटावरून पाणी आणायचो. मग नळ आला. माझं काम गेलं, जेवण राहिलं!

आणि साहेब? साहेब कुठल्याशा मोठ्या हुद्द्यावरून रिटायर होऊन काशीवासाला आले. आले ते आले, बघता बघता निवासाचे अध्यक्ष झाले. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायला गेले. पहिल्या दिवशी पंगतीत आले आणि पाटाकडे असं बघितलं, जसं काय आत्ताच त्याच्यावर सांड बसून गेलाय.

"मी खाली बसत नाही."

मी विचारलं, "गुडघे का साहेब?"

"प्रश्न गुडघ्यांचा नाही, स्टँडर्डचा आहे!"

रोज सकाळी मुन्शी घाटाच्या पायऱ्या टणाटण चढून येणारा माणूस! गुडघे असे, की मला उसने मिळाले तर मी उद्याच लग्न करेन. पण नाही. साहेबांना टेबल आलं, खुर्ची आली, स्टीलचं ताट आलं. पंगतीच्या तोंडाशी, सगळ्यांच्या डोक्यावर साहेब! आणि पायात चपला. जेवणाच्या खोलीत! चपला!

तेवढ्यावर थांबले असते तरी मी गप्प बसलो असतो. पण नाही. एक दिवस खुर्चीवरूनच जाहीर केलं, "कार्तिकापासून पंगत बंद. सगळीकडे टेबल-खुर्च्या. स्वयंपाक ठेकेदाराचा. वहिनी, तुमचं वय झालं. तुम्ही आता कुठेतरी सोय बघा."

कुठेतरी! म्हणजे कुठे? घाटावर? तेही वरणाची वाटी पुढे सरकवता सरकवता बोलले. वरण कुणाचं? वहिनींचं!

ट्रस्टी मंडळी यायची बाकी होती. त्यांनी हो बोललं, की चूल गेली आणि खोलीही गेली.

वहिनींनी वाटी भरून आणली.

*

पण मेधा बोलली. मेधा वहिनींची पुतणी. इथेच जन्मली, इथेच वाढली, आता शाळेत इंग्रजी शिकवते. ती त्या दिवशी काकूला भेटायला आली होती.

"काका, तुम्ही ट्रस्टींना विचारलंत?"

साहेब हसले. वरून हसले. "अगं, तू इथल्या शाळेत शिकवणार ते कसलं इंग्रजी, आणि तू मला कामकाज शिकवणार?"

मेधाने पदर खोचला नाही, आवाज चढवला नाही. शांतपणे बोलली, "काका, प्लीज गेट ऑफ युवर हाय हॉर्स."

साहेबांचं तोंड असं झालं, जसा पानात चुना जास्त लागावा! उठले आणि वर गेले. चार मजले. टणाटण!

मी मेधाच्या मागे लागलो. "मेधे, शिवी होती ना? खरं सांग. असली तर मला लिहून... नको, लिहून नको, पाठ करून दे."

"शिवी नाही हो बापूकाका. त्यांच्याकडे जुन्या काळी मोठी माणसं उंच घोड्यावर बसून फिरायची. पायी चालणाऱ्याकडे वरून बघायची. म्हणून जो स्वतःला सगळ्यांपेक्षा शहाणा समजून वरून बोलतो, उपदेश झाडतो, त्याला बोलायचं, तू हाय हॉर्सवर आहेस. खाली उतर."

"म्हणजे घोडा नसतोच?"

"घोडा नसतो."

"तरी उतरायचं?"

"तरी उतरायचं!"

बघा! तिकडच्या लोकांनाही असलीच माणसं छळत असणार. उगीच नाही बोलायला शब्द काढत कुणी!

*

आता एवढं मोठं इंग्रजी माझ्या तोंडात कसं बसणार? दोन दात तर नाहीत. मी सोपं केलं. कुणी वरून बोलायला लागलं, की जीभ टाळ्याला लावायची आणि वाजवायचं. टक टक, टक टक. घोडा चालला!

दोन दिवसांत सगळ्या निवासाने उचललं. दूधवाला बोलला, "हमारे दूध में कमी निकालने वाला अभी पैदा नहीं हुआ," तर आतून टक टक. एक यात्रेकरू बोलले, "आमच्याकडे बासुंदी म्हणजे, तुम्ही कधी चाखलीच नसेल," तर अख्ख्या पंगतीतून टक टक!

साहेबांना कळेना. मला बोलवून बोलले, "बापू, ही पाल फार चुकचुकते आजकाल."

मी बोललो, "हो साहेब. वरून कुणी बोललं की चुकचुकते."

*

एक बाई आल्या होत्या तिकडून, मराठी मुलखातून. मस्त माणूस, पण जीभ! वहिनी वाढतायत, आणि ह्या सुधारतायत. "अहो, 'बोलले' नाही हो, 'म्हणाले'. 'गली' नाही, 'गल्ली'. 'वैसे पण' हे काय असतं? कसलं हे तुमचं मराठी!"

वहिनींची मान खाली. माझं डोकं तापलं. अरे, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की आमची हिंदी सुरू होते. भाजी हिंदीत, भांडण हिंदीत, पोरांची शाळा हिंदीत. तरी पिढ्यानुपिढ्या चुलीपाशी मराठी जपली आम्ही. तुम्ही तर मराठीच्या समुद्रात राहता, तुम्ही काय जपलंत? भिजलात फक्त!

मी नुसतं टक टक केलं. बाईंना वाटलं, दातात काही अडकलं.

दुसऱ्या दिवशी त्या घाटावरून परत येतायत, मी सोबत. गलीत सांड. आडवा. पलीकडे निवास, अलीकडे बाई.

"बापू, हटवा ना याला!"

"बाई, तुम्हीच सांगा. शुद्ध सांगा म्हणजे झालं. आमचं अशुद्ध तो रोज ऐकतो, हलत नाही!"

बाई एक पाऊल पुढे गेल्या. सांडाने मान फिरवून बघितलं. आणि बाई ओरडल्या, "हटो ना, भैया!"

भैया! सांडाला!

पण एक सांगतो, बाई खऱ्या. दुपारी पंगतीत स्वतःच हा किस्सा सगळ्यांना सांगितला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि पान पुढे करून बोलल्या, "वहिनी, वैसे पण भूक लागलीये. आणखी वाढा." घोड्यावरून उतरायला काही शिडी लागत नाही हो. उतरायचं असलं की माणूस उतरतो.

*

आता आमचे विष्णुबुवा. वाढपी. जन्म वाकून वाढण्यात गेला, तर पाठ वाकलेली ती वाकलेलीच राहिली. आता त्यांना गुडघ्याच्या वरचं जग दिसत नाही. माणसं पायांवरून ओळखतात. माझ्या टाचेची भेग बघून बोलतात, "बापू, आज उशीर?"

ते भांडं घेऊन पंगतीतून निघाले, की त्यांची नजर फक्त पत्रावळींवर. भात, वरण, तूप. पान दिसलं की वाढलं, पुढे. पान दिसलं की वाढलं, पुढे.

आणि साहेब टेबलावर!

पहिल्याच दिवशी बुवा आले, टेबलाचे पाय बघितले, वळसा घातला, पुढे गेले. भात गेला. वरण गेलं. भाजी गेली. साहेबांचं ताट कोरडं ठणठणीत! शेवटी वहिनींनीच आतून येऊन वाढलं. तेव्हापासून साहेबांचं ताट रोज वहिनीच बघायच्या.

त्या पहिल्या दिवशी साहेब कडाडले, "बुवा! मी दिसत नाही का?"

बुवा शांत. "मला पानं दिसतात. माणसं दिसत नाहीत."

साहेबांना वाटलं, आम्ही शिकवून ठेवलं होतं. देवाशपथ नाही! असलं मला सुचतं तर मी पाणी कशाला भरलं असतं?

*

एकदा मीच तोंडघशी पडलो. कुणीतरी पंगतीत आमच्या बुवांचं कौतुक करत होतं. मीही ठोकून दिलं, "आमचे बुवा म्हणजे एकदम हाय हॉर्स!"

मेधा शेजारीच बसली होती. घास खाली ठेवला. "बापूकाका, चुकलं. ते कौतुक नाही. मोठ्या माणसाला हाय हॉर्स नाही बोलत. जज्ज असला आणि नीट बोलत असला तर घोडा नाही. चपराशी असला आणि वरून बोलत असला तर घोडा आहे. उंची हुद्द्याची नाही, बोलण्याची. हे तुम्ही नीट लक्षात ठेवायला पाहिजे. तुम्हा लोकांची हीच अडचण आहे, अर्धवट ऐकता आणि..."

टक टक, टक टक! कोपऱ्यातून, खाली बघत, विष्णुबुवा!

मेधा लालेलाल झाली आणि हसत सुटली. मीही सुटलो. बाहेर दुसरी पंगत ताटकळली, आत आमचं हसणंच संपेना.

आता आमच्या पंगतीचा एक जुना नियम आहे. सगळे एकदम बसतात, एकदम उठतात. ज्याने खोळंबा केला, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी मीठ वाढायचं काम. मीठ म्हणजे पहिलं वाढप. चिमूट चिमूट, पानाच्या वरच्या टोकाला, नेमकं. त्यासाठी प्रत्येक पानाशी पार जमिनीपर्यंत वाकावं लागतं, म्हणून ते कुणालाच नको असतं.

दुसऱ्या दिवशी मेधाला शाळा, म्हणून मीठ माझ्याकडे आलं. हे वय माझं, आणि मी पानोपानी वाकतोय. साहेब खुर्चीवरून बघत होते. बोलले, "बापू, आयुष्यभर हेच मिळवलंत? मीठ वाढायची लायकी?"

हसले नाहीत. खरंच बोलले. ते मला जास्त झोंबलं. मिठाची वाटी हातात होती, नाहीतर मीही बोललो असतो काहीतरी. मिठाची वाटी हातात असताना शिवी देत नाहीत.

*

ठेकेदाराने एकदा नमुना पाठवला होता. एकादशी होती. डबा उघडला तर आत फराळी मंचूरियन!

साहेब खूश. "बघा. ह्याला बोलतात व्हरायटी." ताट घेऊन वर गेले. गच्चीवर ठेवलं आणि हात धुवायला वळले. तेवढ्यात माकड आलं. एक गोळा उचलला, हुंगला, उलटा करून बघितला आणि जसा होता तसा परत ताटात ठेवला!

काशीचं माकड आहे हो. माणसाच्या हातची भजी पळवतं, डोळ्यावरचा चष्मा पळवतं. ते हे सोडून गेलं!

साहेबांनी मात्र सगळं संपवलं. हट्टाने. बोलले, "एक्सलंट!" आणि संध्याकाळी मेधाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काकूंकडे थोडं ताक असेल का गं?"

वहिनींनी जिरं घालून दिलं. मी बोललो, "कशाला दिलंत?" तर बोलल्या, "पोट दुखत असेल त्यांचं."

सांगा आता. अशा बाईला घालवायचं!

*

कार्तिक तोंडावर आला आणि ट्रस्टी मंडळी आली. सगळ्यांत मोठ्या इंदूरच्या आजी. उंची माझ्या छातीपर्यंत, पण त्या बोलल्या की बाकीचे ट्रस्टी मान हलवतात. त्या हो बोलल्या की झालं, नाही बोलल्या की संपलं.

साहेबांनी सगळ्यांसाठी टेबल-खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. जेवण मात्र वहिनींचं, पुरणपोळीचं. साहेबांच्या भाषेत, "लास्ट टाइम."

आजी गंगेत बुडी मारून आल्या, खुर्च्या बघितल्या आणि बोलल्या, "हे काय? खुर्चीवर घरी जेवतेच की. काशीत येऊन पण तेच?" आणि मांडी घातली पाटावर. बाकीचे ट्रस्टी पटापट खाली. मेधा, मी, यात्रेकरू, सगळे खाली. खुर्चीवर एकटे साहेब. समोर कोरं स्टीलचं ताट. आणि चपला आजींच्या पानापासून हातभर अंतरावर.

तिथूनच साहेबांनी भाषण सुरू केलं. "मॉडर्न हायजीन... डिग्निटी... ह्या लोकांना मी किती दिवस सांगतोय, पण ह्यांची समजच तेवढी..."

टक टक.

मी नाही! माझ्या तोंडात पोळी होती. मेधाकडे बघितलं, तिच्याही. सगळ्यांनी माना वळवल्या. आवाज चुलीकडून आला होता. कमलवहिनी! पाठमोऱ्या, तव्यावर पोळी उलटत होत्या.

साहेब अडखळले. तेवढ्यात बुवा तुपाचं भांडं घेऊन निघाले. टेबलाचे पाय दिसले, वळसा, पुढे. मग आणखी पोळ्या घेऊन आले. वळसा, पुढे. त्या दिवशी वहिनींना तव्यापासून हलायला फुरसत नव्हती.

"बुवा! इकडे!"

बुवांनी आवाजाच्या दिशेने जमीन बघितली. "इथे पान मांडलेलं नाही," बोलले, आणि गेले.

पोळीचा वास असा सुटलेला, की गलीतला सांड दाराशी येऊन उभा. आणि साहेब उपाशी. आजींनी वर बघितलं. "अध्यक्ष, तुमच्या चपला माझ्या पोळीशी बोलायला आल्यात. त्यांना बाहेर ठेवा आणि तुम्ही खाली या."

काय करणार? उतरले. माझ्याच शेजारी पाट मिळाला. घट्ट पँट, इस्त्रीची. कशीबशी मांडी घातली.

बुवा आले. थांबले. "हे पान नवीन दिसतंय. कुणाचं?"

मी बोललो, "अध्यक्षांचं."

"असू दे. भुकेलेलं आहे," बोलले, आणि वाढत सुटले!

साहेब जेवले हो. असे जेवले, की मला थोडी कीव आली. थोडीच.

जेवणं आटोपली, पंगत एकदम उठली. साहेब उठेनात. दोन्ही पाय सुन्न. त्यात वरून पँट. मांडी घातली ती सुटेना. दाराशी दुसरी पंगत उभी, पोरं भुकेने कुरकुरतायत.

"मी... जरा बसतो," साहेब बोलले.

"बसा की!" मी बोललो. "स्टँडर्ड आहे."

वहिनी बादली आणि फडकं घेऊन आल्या. "साहेब, पुसायचंय. पंगत खोळंबलीये."

साहेबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग अगदी हळू, "वहिनी, जरा हात द्या."

वहिनींनी पदराला हात पुसला, पुढे केला आणि मधेच थांबवला. "देते. पण कार्तिकात कोण देईल? मी तर इथे नसणार."

आजी तोंड पुसत होत्या. "नसणार म्हणजे? का हो अध्यक्ष?"

साहेबांनी मान वर केली. एवढ्याशा आजी, पण खालून बघणाऱ्याला डोंगर दिसत असणार. "नाही, म्हणजे... आहेत. त्या इथेच आहेत."

"आणि चूल?" मेधा.

"चूलही."

"खोली?" मी.

"अरे हो, खोलीपण! उठवा मला!"

वहिनींनी ओढलं. साहेब उभे राहिले, भिंत धरून. कुणी हसलं नाही. फक्त बुवा, रिकामं भांडं घेऊन, जमिनीकडे बघत, सहज विचारल्यासारखे बोलले, "आज खोळंबा कुणाच्या पायांनी केला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली. मी मान वर केली नाही. नुसती इस्त्रीची पँट बघत होतो. एकेका पानाशी थांबत, एकेका पानाशी वाकत येत होती. माझं पान आलं. साहेब पार जमिनीपर्यंत वाकले, चिमूटभर मीठ टोकाला ठेवलं, कंबर धरून सरळ झाले.

मी बोललो, "साहेब, जरा कमी पडलं."